लाकडी फळीवर गादी घालणारा रेल्वेमंत्री : प्रा. मधु दंडवते

गणपतीला गावी येणारा चाकरमानी आज स्लीपरच्या डब्यात मऊ बर्थवर पाठ टेकतो. त्या बर्थमागे फिजिक्स शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाचा हात आहे. नव्या पिढीतल्या फार थोड्यांना हे माहीत असेल.

मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा. शिक्षण मुंबईत झालं आणि मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या सिद्धार्थ कॉलेजात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. पण माणूस वर्गात मावणारा नव्हता. ४२ च्या चळवळीत होते, १९५५ साली गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले, पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. पक्ष समाजवादी, त्यामुळे सत्तेपेक्षा मोर्चाच जास्त वाट्याला आला.

जानेवारी १९७१ मध्ये बॅरिस्टर नाथ पै गेले. राजापूर मतदारसंघ पोरका झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत तिथून दंडवते उभे राहिले आणि निवडून आले. घाटावर जन्मलेल्या या माणसाला कोकणाने एकदा नव्हे, लागोपाठ पाच वेळा दिल्लीला पाठवलं. नाथ पैंकडून त्यांना जागेबरोबर एक कामही मिळालं होतं, ते म्हणजे कोकणची रेल्वे. अ. ब. वालावलकरांसारख्यांनी तिच्यासाठी आयुष्य घातलं होतं, पण सरकारदरबारी डोंगर, खाड्या आणि खर्च हे तीन आकडे पुढे आले की फाईल मिटायची.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायकोचा संसार वर्षभराहून जास्त काळ पत्रांवर चालला. १९७७ ला सुटले, निवडून आले आणि मोरारजी देसाईंच्या सरकारात रेल्वेमंत्री झाले.

तेव्हा दुसऱ्या वर्गाचा बर्थ म्हणजे नुसती लाकडी फळी होती. तिसरा वर्ग १९७४ मध्येच बंद झाला होता, पण फक्त नावाने. डब्यावरची पाटी बदलली, फळी तीच राहिली. मुंबईहून कलकत्त्याला जायचं तर दीड-दोन दिवस त्या फळीवर अंग मोडून घ्यायचं. पैसेवाल्यांना पहिल्या वर्गात गादी होतीच. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच फोम घालायला लावला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्याने म्हातारी आई बरोबर घेऊन लांबचा प्रवास केलाय, त्याला त्या दोन इंचांची किंमत विचारा. सुरुवात मोठ्या मार्गांवरच्या गाड्यांपासून झाली आणि सगळीकडे पोचायला १९८० चं दशक सरत आलं.

दुसरी गोष्ट गीतांजली एक्स्प्रेसची. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई ते हावडा ही गाडी सुरू झाली. देशाचं एक टोक दुसऱ्या टोकाला जोडणारी, थांबे कमी असलेली वेगवान गाडी, आणि तिला पहिला वर्गच नाही! सगळ्यांना एकच वर्ग. नाव रवींद्रनाथांच्या पुस्तकाचं. तोवर वेगवान गाडी म्हणजे साहेबांची गाडी असा समज होता, तो इथे मोडला. १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांनाही त्यांच्याच काळात परत कामावर घेतलं गेलं.

मंत्री झाल्यावर स्वतःच्या मतदारसंघात गाडी मात्र त्यांना आणता आली नाही. सरकारच जेमतेम दोन वर्षं टिकलं. रूळ रोह्यापर्यंत यायला १९८६ उजाडलं. पुढे डोंगर तसाच उभा. गावाकडचे लोक कोल्हापूरला उतरून एसटीने घाट उतरायचे, नाहीतर मुंबईहून रात्रभर एसटीत बसायचे. आणि मंगळूर? मुंबईहून रेल्वेने जायचं तर देशाच्या पोटातून वळसा घालून २,०४१ किलोमीटर.

१९८९ मध्ये योग जुळला. व्ही. पी. सिंगांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पैसा ही मुख्य अडचण होती. म्हणून वेगळं महामंडळ काढायचं ठरलं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६, आणि उरलेली रक्कम रोख्यांतून उभारायची. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले, आणि १५ सप्टेंबरला रोह्यात पायाभरणी झाली. एवढी वर्षं न हललेली फाईल काही महिन्यांत हलली, याचं कारण तिजोरीची किल्ली कोकणच्या खासदाराकडे होती. हे स्पष्टच सांगायला हवं.

पुढच्याच वर्षी, १९९१ ला, राजापूरमध्ये दंडवते पडले.

कारणं बरीच होती, देशाचं वारंही फिरलं होतं. पण रेल्वेचं काम सुरू असताना तिच्यासाठी वीस वर्षं भांडलेला खासदार घरी बसवला गेला, हे कोकणातल्या बऱ्याच जुन्या लोकांना अजून बोचतं. त्यांनी मात्र मतदारांवर राग धरला नाही. पुढे ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

डोंगर पोखरून, चिखलात बोगदे बांधून काम चालूच राहिलं. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर पूर्ण मार्गावर प्रवासी गाडी धावली. मुंबई-मंगळूर अंतर ९१४ किलोमीटरवर आलं.

१२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दान केला गेला.

गीतांजली एक्स्प्रेस आजही मुंबईहून नाशिक, भुसावळ, अकोला, नागपूर करत हावड्याला जाते. आता तिला एसीचे डबे लागलेत.