पंडिता रमाबाई आणि त्यांच्या घराचा वारसा

सांताक्रूझ येथे एका घरी उपासना आटोपल्यावर एका वृद्ध बंधूंनी आम्हांस असे विचारिले की, पाळकाच्या मागून त्याच्याच मुलाने मंडळी चालवावी, हे योग्य की अयोग्य? आम्ही त्या वेळी काही मोघम बोलून वेळ निभावली. परंतु आगगाडीत बसल्यावर मनास टोचणी लागली. मग केडगावच्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवले. त्या दीक्षा पावलेल्या पाळक नव्हत्या; तरी त्यांच्याएवढा कळप फार थोड्या पाळकांनी राखिला असेल. तेव्हा, प्रिय वाचकहो, राहिलेले उत्तर त्या चरित्रातूनच देत आहो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून मोठे विद्वान होते. स्त्रीस संस्कृत शिकविणे त्या काळी निंद्य मानीत; तरी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस ते शिकविले, आणि त्याबद्दल धर्मसभेपुढे जाबही दिला. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी बिऱ्हाड केले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. वडील वृद्ध झाल्यामुळे मुलीस शिकविण्याचे काम आईकडे आले. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, ती माउली मुलीस जागी करून श्लोक पाठ करून घेई. आमच्या मते मुक्तीच्या कार्याचा पाया त्या पहाटेस पडला, केडगावास नव्हे.

पुढे दुष्काळाने घर मोडले. आई, वडील व थोरली बहीण थोड्याच काळात एकामागून एक गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर विवाह झाला. १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या त्या विधवेजवळ उरली ती एक तान्ही मुलगी.

मायलेकी इंग्लंडास गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे दोघींचा एकदमच बाप्तिस्मा झाला. नंतर अमेरिकेत साह्य मिळवून रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडिले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई येथल्याच पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदन पुण्यास नेल्यावर १८९३ साली धर्मांतराच्या शंकेने वादळ उठले. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडिले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचे भय अगदीच निराधार होते असे आम्हांस म्हणवत नाही. रमाबाई प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार बंद नसे, आणि मुली आपण होऊन येऊन बसत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेने मरणे काय असते हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. तेथून त्यांनी शेकडो मुली केडगावास आणिल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत दोन हजारांच्या आसपास माणसे झाली. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांची शाळा, पतितांसाठी कृपा सदन, आणि मध्ये मोठे मंदिर. १९०५ साली तेथे प्रार्थनेचे जे जागरण झाले त्याची वार्ता देशोदेशी गेली.

या सर्वांत मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. त्यांनी परदेशी शिक्षण घेतले, आंधळ्यांची लिपी शिकून घेतली, शारदा सदनाचे प्रमुखपण चालविले, आणि १९१२ साली गुलबर्ग्याची शाळा उभारण्यास साह्य केले. आईस ऐकू येईनासे झाले, तसतसा कारभाराचा भार लेकीवर पडत गेला. गादी कोणाकडे जाणार हे सर्वांस ठाऊक होते. आणि तेही केवळ ती लेक म्हणून नव्हे; आंधळीचा हात धरून अक्षर शिकविणारीने ती जागा कमाविली होती, असे आम्ही म्हणतो.

परंतु २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आईच्या आधी वारल्या. वय अवघे चाळीस. गंगामूळच्या त्या घराण्यात आता रमाबाई एकट्याच उरल्या, व त्यांची प्रकृतीही खचलेली. दूरचा आप्त शोधून त्याच्या स्वाधीन सर्व करावे, असे त्यांनी केले नाही. न्यू झीलंडहून आलेल्या लिसा हेस्टी या सहकारिणीवर त्यांनी काम सोपविले, आणि आपण शास्त्राच्या भाषांतराकडे वळल्या. इब्री व ग्रीक भाषा शिकून, खेड्यातल्या बाईस समजेल अशा सोप्या मराठीत ते काम त्या बरीच वर्षे करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला.

ते शास्त्र १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघाले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, पाने दुमडणाऱ्या आणि बांधणी करणाऱ्या बाया तेथेच वाढलेल्या होत्या. त्यांपैकी कोणीही डोंगऱ्यांच्या रक्ताची नव्हती.