जपानी गणवेशातला बंडखोर

ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल विल्यम स्लिम यांच्या मेक्तिला येथील मुख्यालयात १६ मे १९४५ रोजी तिशीतला एक सडपातळ तरुण दाखल झाला. अंगावर जपानी मेजर जनरलचा गणवेश, कमरेला जपानी तलवार. जेमतेम सात आठवड्यांपूर्वी त्याच्या सैन्याने जपान्यांवरच बंदुका रोखल्या होत्या. आता तो ब्रिटिशांकडे बरोबरीच्या मित्राचा दर्जा मागण्यासाठी आला होता. या तरुणाचे नाव आंग सान. ब्रिटिशांच्या लेखी तो राजद्रोही होता, शिवाय एका गावप्रमुखाच्या हत्येचा आरोपही त्याच्या नावावर होता.

लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटले, त्याच्या पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १९१५ रोजी मध्य ब्रह्मदेशातील नाटमाउक या छोट्या गावी आंग सान यांचा जन्म झाला. रंगून विद्यापीठात विद्यार्थी-नियतकालिकाचे संपादक असताना एका जहाल लेखाच्या लेखकाचे नाव सांगण्यास त्यांनी नकार दिला. त्यावरून झालेल्या कारवाईतून १९३६ चा विद्यार्थी-संप उभा राहिला आणि त्यांचे नाव देशभर झाले. पुढे ते 'थाकिन' मंडळींमध्ये सामील झाले. थाकिन म्हणजे मालक. गोऱ्या साहेबांसाठी राखून ठेवलेले हे संबोधन या तरुणांनी स्वतःच्या नावामागे लावून घेतले होते. मार्च १९४० मध्ये रामगढ काँग्रेसला आलेल्या ब्रह्मी शिष्टमंडळाचे नेतृत्व आंग सान यांनीच केले. मात्र गांधीजींच्या मार्गाने आपला प्रश्न सुटेल, यावर त्यांचा विश्वास बसला नाही. मायदेशी अटकेचे वॉरंट निघाले, तेव्हा ऑगस्ट १९४० मध्ये ते एका मालवाहू जहाजातून चीनच्या अमॉय बंदराकडे निसटले.

कम्युनिस्टांशी संधान बांधण्याचा त्यांचा इरादा होता. गाठ पडली ती जपान्यांशी. कर्नल केइजी सुझुकी यांच्या गुप्त यंत्रणेने त्यांना टोकियोला नेले. चीनला शस्त्रपुरवठा करणारा ब्रह्मदेशातील रस्ता जपानला तोडायचा होता, तर आंग सान यांना ब्रिटिशांना घालवायचे होते. हितसंबंध जुळले, उद्दिष्टे मात्र कधीच एक नव्हती. तीस निवडक तरुणांना हैनान बेटावर लष्करी शिक्षण मिळाले. १९४१ च्या डिसेंबरअखेर बँकॉकमध्ये ब्रह्मी स्वातंत्र्यसेनेची स्थापना झाली. या तिसांनी आपापले रक्त एका पात्रात मिसळून शपथ घेतली. त्यातच ने विन नावाचा एक तरुण होता, ज्याच्या नावाने पुढे ब्रह्मदेशात एक अख्खे पर्व लिहिले गेले.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि दोस्तीची परीक्षा लगेच सुरू झाली. सुझुकी यांनी स्वातंत्र्याची आश्वासने सढळ हाताने वाटली होती, जपानी सेनापतींच्या मनात मात्र तसे काही नव्हते. गावोगावच्या भरतीने फुगलेली, शिस्तीचा पत्ता नसलेली ही सेना त्यांना डोकेदुखी वाटू लागली. इरावतीच्या मुखप्रदेशात तिने करेन वस्त्यांवर केलेले अत्याचार पाहता ही भीती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. काही महिन्यांतच सुझुकी यांची जपानला बदली झाली, स्वातंत्र्यसेना विसर्जित झाली आणि सुमारे तीन हजारांचे आटोपशीर सैन्य आंग सान यांच्या हाती देण्यात आले. आपल्या देशात आपण मालक की चाकर, हा थाकिनांचा मूळचा प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहिला.

त्याचे उत्तर रस्त्यारस्त्यावर मिळत होते. जपानी शिपायाने भर बाजारात ब्रह्मी माणसाच्या, प्रसंगी अधिकाऱ्याच्याही थोबाडीत मारणे नित्याचे झाले. केम्पेताई या लष्करी पोलिसांची दहशत वेगळीच. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर हजारो मजूर सक्तीने धाडले गेले. त्यांच्या पथकांना 'घामाची सेना' असे गोंडस नाव होते. निर्यात थांबल्याने तांदळाला गिऱ्हाईक नव्हते आणि अंगावर घालायला कापड मिळत नव्हते. त्याच तांदळाची वाट पाहत १९४३ मध्ये पलीकडे बंगाल उपाशी मरत होता, हेही विसरता येत नाही.

१ ऑगस्ट १९४३ रोजी जपानने ब्रह्मदेशाला स्वातंत्र्य बहाल केले. बा मॉ राष्ट्रप्रमुख झाले, तर अठ्ठावीस वर्षांचे आंग सान संरक्षणमंत्री. जपानी सम्राटाच्या सन्मानचिन्हाचे ते मानकरी होते, पण या स्वातंत्र्याचे वजन त्यांना पुरते ठाऊक होते. इथून त्यांच्या राजकारणातले सर्वांत कठीण पर्व सुरू झाले: मंत्रिपदही सांभाळायचे आणि बंडही शिजवायचे. ऑगस्ट १९४४ मध्ये कम्युनिस्ट आणि समाजवादी गटांना बरोबर घेऊन त्यांनी गुप्तपणे फॅसिस्टविरोधी संघटना उभारली. १७ मार्च १९४५ रोजी रंगूनमध्ये त्यांच्या सैन्याचे संचलन झाले. आपले मित्र ब्रिटिशांशी लढायला आघाडीवर निघाले आहेत, अशी समजूत करून घेत जपानी अधिकाऱ्यांनी त्यांना निरोप दिला. २७ मार्चला या सैन्याने जपान्यांवरच हल्ले चढवले.

याच ब्रह्मी भूमीवर नेताजी सुभाषचंद्र बोस जपानची साथ अखेरपर्यंत निभावत होते. २४ एप्रिलला त्यांनी रंगून सोडले. तेव्हा एकाला निष्ठावान आणि दुसऱ्याला संधिसाधू ठरवण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. नेताजींचा देश जपानच्या टाचेखाली नव्हता, आंग सान यांचा होता.

नव्या दोस्तीतही ताण कमी नव्हता. या बंडखोरांना फितुरांप्रमाणेच वागवावे, असा ब्रिटिश मुलकी अधिकाऱ्यांचा आग्रह होता. माउंटबॅटन यांनी तो झुगारून त्यांची मदत घेतली. मेक्तिलाच्या भेटीत स्लिम यांनी मित्रराष्ट्राचा दर्जा साफ नाकारला. ब्रिटिश जिंकत आहेत म्हणूनच आपण आलात, असेही त्यांनी सुनावले. आंग सान यांनी ते आढेवेढे न घेता मान्य केले आणि स्लिम यांचे मत तिथेच बदलले. हा माणूस शब्द दिला तर पाळेल, अशी त्यांची खात्री झाली.

सप्टेंबर १९४५ मधील कँडी करारानुसार आंग सान यांच्या पाच हजारांवर सैनिकांना नियमित सैन्यात घेण्याचे ठरले. त्यांना ब्रिगेडियरचे पद देऊ करण्यात आले, ते त्यांनी नाकारले. युद्धकाळ सिमल्यात काढून परतलेले गव्हर्नर डॉर्मन-स्मिथ १९४६ मध्ये हत्येच्या जुन्या प्रकरणात त्यांना अटक करायला निघाले होते. आदेश निघाला आणि मागेही घेतला गेला. बदलले ते गव्हर्नर. जानेवारी १९४७ मध्ये दिल्लीत नेहरूंना भेटून आंग सान लंडनला गेले आणि २७ तारखेला अ‍ॅटलींशी स्वातंत्र्याचा करार करून आले. १९ जुलै १९४७ रोजी सकाळी रंगूनच्या सचिवालयात कार्यकारी मंडळाची बैठक चालू असताना, प्रतिस्पर्धी यू सॉ यांनी पाठवलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. वय अवघे बत्तीस. ४ जानेवारी १९४८ चे स्वातंत्र्य त्यांनी पाहिले नाही.

त्यांच्या पत्नी खिन की १९६० मध्ये राजदूत म्हणून दिल्लीत आल्या आणि कन्या स्यू की येथील लेडी श्रीराम महाविद्यालयात शिकल्या. अकबर रोडवरील २४ क्रमांकाचा त्यांचा बंगला पुढे काँग्रेसचे मुख्यालय म्हणून देशाला परिचित झाला. १९६२ मध्ये रंगूनची सत्ता बळकावली ती रक्ताची शपथ घेतलेल्या तिसांपैकीच एकाने, ने विन यांनी. जपानवर उलटण्याचा २७ मार्च हा दिवस आधी प्रतिकार दिन म्हणून पाळला जाई. नंतर लष्कराने त्याचे नाव सशस्त्र सेना दिन केले.