सयाजीरावांचे देशाटन

वडोदऱ्याच्या वायव्येचे गोरवा आज शहरात पार मिसळून गेले आहे. तेथे आज कारखाने आहेत, वसाहती आहेत, आणि सुटी लागली की सिंगापूरला किंवा युरोपला निघणारी कुटुंबेही आहेत. श्रीमंत सयाजीराव महाराज गादीवर आले त्या वेळी मात्र ते वेशीबाहेरचे एक खेडे होते. यात्रेपलीकडचा प्रवास तेथील माणसाच्या ध्यानीमनीही नसे. त्या काळात जगभर हिंडलेल्या या राजाने आपल्या प्रवासातून अशा खेड्यांसाठी काय आणले, हे आजच्या प्रवासी पिढीने एकदा पाहण्यासारखे आहे.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी एका शेतकरी गायकवाड घराण्यात गोपाळरावांचा जन्म झाला. जमनाबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि २७ मे १८७५ रोजी बाराव्या वर्षी ते सयाजीराव झाले. कवळाणे ते वडोदरा हाच त्यांचा पहिला मोठा प्रवास. एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला पोचताच सारे आयुष्य पालटते, हे त्यांना लहानपणीच कळले होते. पुढे सर टी. माधवराव आणि गुरुवर्य इलियट यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले व १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

कामाच्या ताणाने महाराजांची प्रकृती बिघडली, झोप उडाली. वैद्यांच्या सल्ल्याने १८८७ साली ते दुसऱ्या चिमणाबाई महाराणींसह विलायतेस निघाले. समुद्र ओलांडणे हा त्या काळी धर्माचा प्रश्न होता. स्वयंपाकापासून सोवळ्याओवळ्यापर्यंत घरोघरी चर्चा चाले. राजानेच आगबोटीवर पाऊल ठेवल्यावर मागून जाणाऱ्यांची वाट थोडी सुकर झाली. महाराणींनीही परदेशात डोळे उघडे ठेवले. हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांचा सहलेखनातील ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला, त्यामागे हेच निरीक्षण होते.

देशातही महाराज सतत फिरत. १९०३ च्या काश्मीर प्रवासात अरविंद घोष त्यांचे चिटणीस म्हणून बरोबर होते. पण छपन्नाच्या दुष्काळात त्यांनी आपल्याच राज्यात जो दौरा केला, त्याचे मोल अधिक मानले पाहिजे. लोकांची हलाखी स्वतः पाहून त्यांनी टिपणे केली आणि ती १९०१ साली छापून प्रसिद्ध झाली. आल्प्सची शिखरे पाहणारी नजर करपलेल्या शेतावरही तितकीच ठरली, म्हणूनच त्यांच्या प्रवासाला निव्वळ हौस म्हणता येत नाही.

टीका मात्र झालीच. राजा वारंवार आणि दीर्घ काळ बाहेर राहतो, खर्च रयतेच्या पैशातून होतो, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. लॉर्ड कर्झन यांनी तर १९०० साली परिपत्रक काढून संस्थानिकांच्या परदेशगमनावर परवानगीचा लगाम घातला. त्याचा रोख आपल्यावर आहे, असे महाराजांना वाटले. रयतेचा आक्षेप आणि साम्राज्याचा संशय या दोहोंना उत्तर द्यायचे तर ते परतल्यावर केलेल्या कामातूनच देता येत होते.

ते त्यांनी दिले. १९०६ साली अमेरिकेत त्यांनी सर्वांना मोफत खुली असणारी सार्वजनिक वाचनालये पाहिली. १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञांना त्यांनी वडोदऱ्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. ज्याला गाव सोडणे शक्य नव्हते, त्याच्या दारी पुस्तकेच प्रवास करून आली. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग अमरेलीत १८९३ साली सुरू झाला होता. १९०६ साली तो राज्यभर लागू झाल्याने ती पुस्तके वाचणारेही तयार होत होते.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी पाहून न थबकलेले मूल जुन्या वडोदऱ्यात सापडणे कठीण. शेजारच्या चित्रवीथीसाठी निवडलेली युरोपीय चित्रे पहिल्या महायुद्धामुळे इंग्लंडात अडकली आणि वीथी १९२१ साली खुली झाली. राजाने पाहिलेले जग असे रयतेलाही पाहता आले. १९१३ साली वडोदऱ्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, ही तर त्या प्रवासप्रेमी राज्याने देशाला दिलेली मोठी देणगीच होय.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. आज प्रवासाचा ओघ दोन्ही दिशांनी वाहतो. १८९० साली पूर्ण झालेला लक्ष्मीविलास राजवाडा पाहण्यास देशोदेशीचे लोक येतात. एके काळी वडोदरा राज्यात असलेल्या पाटणची राणीची वाव २०१४ साली जागतिक वारसा ठरली. २०१८ पासून केवडियाच्या सरदार पुतळ्याकडे जाणारी वर्दळही वडोदऱ्यावरून जाते. गोरव्यातला माणूस आता आगबोटीची वाट न पाहता विमानाने काही तासांत परदेशी पोचतो.

प्रवास स्वस्त झाला, सुलभ झाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण परतताना पेटीत काय आणले, हा प्रश्न राजालाही चुकला नव्हता. छायाचित्रे आपण सारेच आणतो. शेजाऱ्याच्या उपयोगी पडेल अशी एखादी चांगली रीत जो आणील, त्याचे देशाटन सार्थकी लागले म्हणावे.