श्रीसंत सेना महाराज

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे, हे वाक्य आपण प्रत्येक कीर्तनात ऐकतो. पण या संतांनी पोटासाठी काय उद्योग केला, इकडे आपले लक्ष कमी जाते. गोरोबाकाका तेरला मडकी घडवीत. सावता महाराज अरणला मळा राखीत. नरहरी महाराज सोनारकाम करीत. चोखामेळा महाराज तर मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून तिच्याखाली गेले. याच मांदियाळीत हातात वस्तरा घेतलेले एक संत आहेत. ते म्हणजे श्रीसंत सेना महाराज. मंदिराच्या जीर्णोद्धारात गवंड्यापासून बिगाऱ्यापर्यंत सर्वांचा हात लागला असताना त्यांचे चरित्र या स्मरणिकेत येणे योग्यच होय.

सेना महाराज जातीने व धंद्याने न्हावी. आपल्या मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणतात. महाराजांनी स्वतःच्या अभंगातही हाच शब्द अभिमानाने वापरला आहे. वारकरी परंपरा त्यांना ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यातले मानते. उत्तरेकडील भक्तमंडळी त्यांना स्वामी रामानंदांचे शिष्य मानतात व बांधवगडच्या राजाच्या पदरी असलेला न्हावी म्हणून त्यांची कथा सांगतात. हे दोन सेना एक की निराळे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते विद्वानांनी पाहावे. धोकटी मात्र दोघांच्याही खांद्यावर आहे.

आज सलूनमध्ये फिरती खुर्ची असते, समोर भिंतभर आरसा असतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावतात. त्यामुळे त्या काळचा धंदा कसा होता हे नव्या पिढीला सांगावे लागते. गावचा न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. त्याला दुकान नव्हते. चावडीजवळचा लिंब, वेशीतला पिंपळ, नदीचा घाट किंवा शेतातील आंब्याची सावली हेच त्याचे दुकान. हजामत उघड्यावर होण्याला कारणे होती. एक तर बारीक कामाला लख्ख उजेड पाहिजे आणि जुन्या घरांत तो नसे. दुसरे म्हणजे कापलेले केस घरात पडणे अशुभ मानीत. म्हणून पाटील असो की कुणबी, त्याला पोत्याच्या तुकड्यावर झाडाखाली मांडी घालून बसावे लागे व वारीक त्याच्यासमोर उकिडवा बसे.

चामड्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, फणी, लहान आरसा, पाण्याची वाटी आणि धार लावायचा दगड एवढा संसार असे. साबण नव्हता. वाटीतले पाणी बोटांनी डोक्यावर व दाढीवर घोळून घोळून केस मऊ करायचे. मग वस्तरा दगडावर व नंतर चामड्यावर फिरवून डाव्या अंगठ्याने कातडी ताणायची आणि केसाच्या कलाने पाते चालवायचे. ज्याने हे काम जवळून पाहिले असेल त्याला माहीत आहे की खरी करामत वस्तऱ्याच्या हातात नसून डाव्या हातात असते. कातडी सैल राहिली की रक्त आलेच. मोबदला रोख मिळत नसे. सुगीत खळ्यावर बलुत्याचे धान्य मिळे, त्यात वर्ष काढायचे.

जावळ, मुंज, नवरदेवाची हजामत, दहाव्याचे क्षौर, कोणतेही कार्य त्याच्यावाचून होत नसे. राजाने सुद्धा आपला गळा उघडा करून ज्याच्या पात्याखाली निःशंक धरावा असा माणूस एकच. तरीही पंगतीत त्याची जागा शेवटी! ही आपल्या समाजाची रीत होती व ती चांगली नव्हती, हे लिहिण्यास संकोच वाटू नये.

आता महाराजांच्या चरित्रातील मुख्य प्रसंग. ताहराबादचे महिपतीबुवा (१७१५-१७९०) यांनी भक्तविजय या ग्रंथात तो वर्णिला आहे. सेना महाराज एका बादशहाच्या पदरी होते. रोज पहाटे स्नान करून पूजा करावी आणि मग धोकटी घेऊन निघावे, असा त्यांचा नेम. एके दिवशी पूजा चालू असतानाच राजवाड्यातून बोलावणे आले. महाराजांचे चित्त देवाकडे लागले होते. पत्नीने नाइलाजाने सांगितले की, ते घरी नाहीत. पुन्हा निरोप आला, पुन्हा तेच उत्तर गेले. एका शेजाऱ्याने चहाडी केली की, सेना घरातच पूजा करीत बसला आहे. (असे शेजारी प्रत्येक काळात असतात.) बादशहा संतापला. मोट बांधून नदीत फेकून द्या, असा हुकूम सुटला.

तेव्हा पांडुरंगाने सेनाचे रूप घेतले. खांद्याला धोकटी अडकवली आणि वाड्यात जाऊन मुजरा केला. त्यांना पाहताच बादशहाचा राग उतरला. हजामत झाली, मर्दन सुरू झाले. बादशहाने सहज समोरच्या तेलाच्या वाटीत पाहिले, तो आत चतुर्भुज मूर्ती! वर पाहावे तर सेना न्हावी, वाटीत पाहावे तर शंखचक्रधारी देव. त्याचे देहभान हरपले. खूष होऊन त्याने ओंजळभर होन दिले. देवाने ते धोकटीत टाकले, धोकटी सेनाच्या घरी नेऊन ठेवली आणि आपण गुप्त झाला. पुढे बादशहाने ते रूप पुन्हा पाहण्यासाठी सेनाला बोलावले. महाराज भीतभीत गेले. वाटीत तेल घातले, पण आत काही दिसेना. तेव्हा सारा प्रकार त्यांच्या ध्यानी आला. आपल्यासाठी देवाला हलके काम करावे लागले म्हणून आनंदाऐवजी त्यांना रडू कोसळले. धोकटीतले होन त्यांनी वाटून टाकले.

ही कथा ऐकताना आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावरची एक कथा आठवल्यावाचून राहत नाही. श्रीजनार्दनस्वामी (१५०४-१५७५) देवगिरीचे किल्लेदार. त्यांची समाधी किल्ल्यावर आहे. पैठणचे एकनाथ महाराज लहान वयात येथेच येऊन त्यांच्या सेवेत राहिले. एकदा स्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला. तेव्हा नाथांनी गुरूंचा पोशाख चढविला, हत्यार घेतले आणि शत्रूला परतवून लावले, असे सांगतात. दोन्ही ठिकाणी भक्त पूजेत बसला आहे, कामाची वेळ झाली आहे आणि त्याचे रूप घेऊन दुसऱ्याने काम निभावले आहे.

पण दोन्हींत एक फरक आहे. जनार्दनस्वामींच्या भजनासाठी गुरुवारी किल्ल्यावर कामकाजाला सुटी असे, असे परंपरा सांगते. किल्लेदाराला गुरुवार मिळाला. न्हाव्याला कोणता वार होता? त्याला घडीभर उशीर झाला तर थेट नदीची शिक्षा. स्वामींची थोरवी यात तसूभरही कमी होत नाही. मात्र हातावर पोट असणाऱ्याला देवासाठी घटकाभर वेळ काढायला किती मोल द्यावे लागे, ते सेना महाराजांच्या कथेवरून कळते. गावोगावच्या मजुराला ही कथा इतकी जवळची वाटते, ती यामुळेच.

सेना महाराजांनी धंदा सोडला नाही, उलट धंद्यातूनच परमार्थ सांगितला. त्यांचे शंभरावर मराठी अभंग मिळतात. त्यातल्या प्रसिद्ध अभंगात सगळी धोकटी उघडून मांडली आहे. विवेक हा आरसा, वैराग्य हा चिमटा, डोके भिजवायचे पाणी म्हणजे शांती, पिळायची शेंडी अहंकाराची आणि काढायची नखे काम-क्रोधाची. शेवटी चारही वर्णांची सेवा करून आपण निवांत झालो, असे ते सांगतात. यात शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. ज्याचा हात सर्वांच्या डोक्यावर फिरतो त्याला कोणाचे डोके उंच आणि कोणाचे नीच हे कसे वाटावे?

त्यांची कीर्ती महाराष्ट्रापुरती राहिली नाही. शिखांच्या आदिग्रंथात, म्हणजे १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात, नामदेवांच्या पदांबरोबर भगत सैण यांचेही एक पद आहे. ते धनाश्री रागातले असून आरतीच्या स्वरूपाचे आहे. संत रोहिदासांनी तरून गेलेल्या भक्तांची नावे सांगताना नामदेव, कबीर यांच्याबरोबर सैण यांचेही नाव घेतले आहे. पंजाबातला न्हावी आणि पंढरपूरचा वारीक एकाच नावापुढे हात जोडतात.

या समाजाने पुढेही नाव राखले. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून छत्रपती शिवाजी महाराज निसटले, तेव्हा त्यांचा वेश घेऊन पालखीत बसला तो शिवा काशीद न्हावीच होता. शत्रूच्या हाती सापडून त्याने प्राण दिले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी जमली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही, असे त्यांनी ठरविले. त्यात त्यांचे उत्पन्न बुडत होते, तरी ठरविले.

श्रावण वद्य द्वादशी ही सेना महाराजांची पुण्यतिथी. त्या दिवशी गावोगावचे नाभिक बांधव दुकाने बंद ठेवतात, महाराजांच्या प्रतिमेची मिरवणूक काढतात, भजन-कीर्तन होते व सर्वांची एक पंगत बसते.