आंबटपणाला आकडा देणारा माणूस

नीरेसाठी ताडावर मडके बांधताना त्याला आतून चुना लावतात. पालघरच्या किनारपट्टीवर ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. चुना नसेल तर रात्रभर ठिबकलेल्या नीरेची सकाळपर्यंत ताडी होऊ लागते आणि दुपारपर्यंत ती नुसती आंबट होते. चुना असेल तर गोडी टिकते. चुन्यामुळे मडक्यात नेमके किती आणि काय बदलते, हे सोप्या आकड्यात सांगण्याची सोय मात्र १९०९ सालापर्यंत नव्हती. ती सोय केली डेन्मार्कमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने, आणि तीही बिअरच्या कारखान्याने चालवलेल्या प्रयोगशाळेत बसून. त्याचे नाव सोरेन पेडर लॉरिट्झ सोरेन्सन. त्याने दिलेल्या आकड्याला आपण सामू किंवा पीएच म्हणतो.

त्याच किनाऱ्यावर, बोईसरच्या पश्चिमेला, नवापूर आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीतून इथेच समुद्राकडे येते. त्या पाण्याची बाटली तपासणीला गेली की अहवालात अगदी वरच्या ओळींत सामू असतो. किनारी समुद्रात सोडायच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ यांच्या दरम्यान हवा, असा आपल्याकडचा नियम आहे. मासेमारीवर जगणाऱ्या गावाच्या भवितव्याशी जोडलेला हा आकडा कोठून आला आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवावा, हे समजून घ्यायचे तर सोरेन्सनच्या आयुष्याकडे वळावे लागते.

सोरेन्सनचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमधल्या हावरेबियर्ग या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. अठराव्या वर्षी तो कोपनहेगन विद्यापीठात डॉक्टर व्हायला गेला. तिथे एस. एम. योर्गेन्सन या प्राध्यापकाच्या प्रभावाने त्याने वैद्यक सोडले आणि रसायनशास्त्र धरले. योर्गेन्सनचा विषय धातूंची गुंतागुंतीची संयुगे हा होता. सोरेन्सननेही १८९९ मध्ये कोबाल्टच्या संयुगांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. तोवर पोटापाण्यासाठी शाही नौदलाच्या गोदीत रासायनिक सल्लागाराचे कामही तो करत होता. कोबाल्टवर हा माणूस आयुष्यभर टिकला असता तर आज त्याचे नाव फार तर तज्ज्ञांना ठाऊक असते.

१९०० मध्ये योहान केल्डाल हा रसायनशास्त्रज्ञ समुद्रस्नानाच्या वेळी मरण पावला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचा तो प्रमुख होता. त्याच्या रिकाम्या जागी १९०१ मध्ये सोरेन्सनची नेमणूक झाली आणि तिथे तो १९३८ पर्यंत राहिला.

या प्रयोगशाळेबद्दल थोडे सांगायला हवे. जे. सी. याकोबसन या बिअर कारखानदाराने ती १८७५ मध्ये स्थापन केली. बिअर एकदा चांगली होते, एकदा नासते, यामागचे शास्त्र शोधणे हा हेतू. पण तिथे लागलेले शोध कारखान्याच्या तिजोरीत न ठेवता जगापुढे मांडायचे, असे त्याने ठरवून दिले होते. एमिल हान्सेनने १८८३ मध्ये तिथेच शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत शोधली आणि ती प्रतिस्पर्धी कारखान्यांनाही खुली राहिली. केल्डालने त्याच वर्षी धान्यातील नायट्रोजन, आणि त्यावरून प्रथिने, मोजण्याची रीत दिली. दुधाच्या भुकटीतले किंवा डाळीतले प्रथिन आजही बऱ्याच ठिकाणी त्याच रीतीने मोजले जाते. आपल्याकडच्या एखाद्या उद्योगसमूहाने असा उदारपणा दाखवला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

सोरेन्सन तिथे आला आणि विकरे व प्रथिने यांच्या मागे लागला. विकरे म्हणजे सजीवांच्या शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. लाळेतले विकर भाकरीतल्या पिठाची साखर करते, जठरातले पेप्सिन माशातले प्रथिन तोडते, यीस्टमधले इन्व्हर्टेज साखर फोडते. सोरेन्सनला एक अडचण सतत जाणवत होती. एकच विकर, तेवढेच प्रमाण, तेच तापमान, तरी एका प्रयोगात काम झपाट्याने होई, तर दुसऱ्यात ठप्प. फरक द्रावणाच्या आम्लतेत होता. पण आम्लता मोजायची कशी?

तोवरची रीत म्हणजे आम्लात अल्क थेंबाथेंबाने टाकायचे आणि रंग बदलेपर्यंत किती लागले ते पाहायचे. यातून द्रावणात एकूण किती आम्ल आहे ते कळते. पण त्यातले प्रत्यक्षात कामावर किती आहे, ते कळत नाही. व्हिनेगरमधले अॅसेटिक आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सारख्याच प्रमाणात पाण्यात घातले तर दोघांनाही सारखेच अल्क लागते. तरीही एक आपण लोणच्यात घालतो आणि दुसऱ्याने हात भाजतो. याचे कारण असे, की हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळपास सगळे रेणू पाण्यात फुटतात आणि हायड्रोजनचे आयन मोकळे होतात. अॅसेटिक आम्लाचे मात्र शंभरातले एखाद-दोनच रेणू फुटतात, बाकीचे राखीव बसून राहतात. गावात माणसे किती यापेक्षा आज कामाला बाहेर पडली किती, असा हा हिशेब आहे. विकरांना फरक पडतो तो या बाहेर पडलेल्या आयनांनी, हे सोरेन्सनने पक्के केले.

आता हे मोकळे आयन मोजले तरी आकडे फार गैरसोयीचे. शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये हायड्रोजन आयन असतात ग्रॅमचा एक कोटीवा भाग. लिंबाच्या रसात साधारण शंभरावा भाग. रोजच्या टिपणात इतकी शून्ये कोण लिहीत बसणार? सोरेन्सनने युक्ती केली. शंभर म्हणजे एकावर दोन शून्ये, म्हणून लिंबाला २. कोटी म्हणजे एकावर सात शून्ये, म्हणून पाण्याला ७. एवढाच सामूचा सांगाडा आहे. गणिती भाषेत याला ऋण लॉगॅरिदम म्हणतात. आकडा लहान तर आम्लता जास्त, हा उलटेपणा शून्ये मोजण्यातूनच आला. आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट, दोन आकड्यांचा म्हणजे शंभरपट. सामू ६ वरून ५ झाला हे ऐकायला किरकोळ वाटते, पण ते तसे नसते.

१९०९ मध्ये विकरांवरच्या एका दीर्घ लेखात त्याने हे मांडले. पी या अक्षराचा अर्थ काय, यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात, कारण लेखात त्याने तो धड सांगितलेला नाही. लेखाचा मोठा भाग मोजण्याच्या रीतींना दिला आहे. एक रीत विजेची. प्लॅटिनमच्या पट्टीवर हायड्रोजन वायू सोडून तयार होणारा विद्युतदाब मोजायचा. ती अचूक, पण किचकट. दुसरी रंगांची. आपल्याकडे हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तोच प्रकार. अनेक रंगद्रव्ये तपासून त्याने निवडक ठेवली आणि ज्यांचा सामू अचूक माहीत आहे अशा द्रावणांशी रंग ताडून पाहायची सोय केली. त्या द्रावणांचा सामू थोडेसे आम्ल वा अल्क पडल्याने हलत नसे. फॉस्फेटची असली द्रावणे आजही प्रयोगशाळांत त्याच्या नावाने ओळखली जातात.

वैद्यकाला याचा उपयोग लगेच दिसला. लेओनोर मिखाएलिस या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये यावर पुस्तक लिहून ही मोजपट्टी जीवशास्त्रात रुजवली. जठरात सामू दोनच्या आसपास असतो, पेप्सिनला तोच मानवतो, आणि लाळेतले विकर तिथे पोचताच थंडावते. रक्ताचा सामू मात्र ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. मधुमेह फार बिघडला की रक्तात आम्ले साठून तो खाली घसरतो. अतिदक्षता विभागात धमनीतले रक्त काढून पहिल्यांदा तपासतात ते हेच. मडक्यातल्या चुन्याचे कोडेही याच मोजपट्टीवर सुटते. ताजी नीरा उदासीन असते. चुना तिचा सामू इतका वर नेतो, की यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणू काम करेनासे होतात.

या कामानंतर वर्षभरात सोरेन्सन समुद्राकडे वळला. त्याचा सहकारी स्वेन पालित्झ १९१० मध्ये 'थोर' या डॅनिश संशोधन जहाजावर होता. त्या मोहिमेचा नेता योहान्स श्मिट हा माशांचा अभ्यासक, आणि युरोपातली वाम कुठे अंडी घालते हा त्याचा ध्यास. त्याच सफरीत पालित्झने अटलांटिक आणि भूमध्य समुद्राचे सामू मोजले. त्याआधी सोरेन्सनने आणि त्याने एक बारीक चूक पकडली होती. खारट पाण्यात रंगद्रव्ये थोडे खोटे बोलतात, म्हणून मिठासाठी दुरुस्ती करावी लागते. समुद्राचा सामू आठाच्या थोडा वर असतो, हे अशा मोजण्यांतून पक्के झाले. गेल्या दीडेकशे वर्षांत हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून तो साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. एक दशांश म्हणजे हायड्रोजन आयनांत चौथ्या हिश्शाहून अधिक वाढ. तिसऱ्या, कालवे यांसारख्या चुन्याचे कवच बांधणाऱ्या जीवांना ती जड जाते.

नवापूरच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट असते आणि ते आम्ल पचवते. सोरेन्सनची स्थिर द्रावणे जे करतात तेच. सामू २ असलेल्या एका लिटर आम्लपाण्याला साधारण साडेचार लिटर समुद्रपाण्याची ही सगळी पचनशक्ती खर्ची पडते. समुद्र मोठा, म्हणून वाहिनीच्या तोंडापासून थोडे दूर जाऊन मोजले तर सामू पुन्हा आठाच्या जवळ येतो. आकडा निर्दोष, आणि पाणी मात्र निर्दोष असेलच असे नाही. कारखान्यातही असेच आहे. आम्ल सांडपाण्यात चुना किंवा सोडा टाकला की सामू तासाभरात नियमात बसतो, पण त्यात विरघळलेली रंगद्रव्ये, द्रावके, औषधांचे अवशेष जिथल्या तिथे राहतात. त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. सेंद्रिय घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते सांगणारी सीओडी, तिची किनारी समुद्रासाठीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, आणि जिवाणूंना ती खायला किती ऑक्सिजन लागेल ते सांगणारी बीओडी, मर्यादा १००.

सामू इतर विषांची धारही ठरवतो. अमोनियाचे उदाहरण घ्या. गोड्या पाण्यात सामू ७ असताना त्यातला शंभरात अर्धा भागच माशांना घातक रूपात असतो, ८ झाला की पाचेक भाग. तेवढाच अमोनिया, दहापट घातक. उलट बाजूने, सल्फाइड असलेल्या सांडपाण्यात आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड वायू उठतो. टाकीत उतरलेला कामगार त्याच्या दोन-चार श्वासांत कोसळू शकतो. सामू मोजल्याशिवाय दोन प्रवाह एकत्र करू नयेत ते यासाठी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. त्याआधी २०१६ मध्येच अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती, आणि लवादाने पुढे पर्यावरणाच्या भरपाईची जबाबदारी उद्योगांवर टाकली. मच्छीमारांच्या तक्रारीला वजन आले ते अशा मोजमापांमुळे, नुसत्या वासाने आणि रंगाने नव्हे.

सोरेन्सनने पुढची वर्षे प्रथिनांना दिली. अंड्यातल्या पांढऱ्या बलकावरचे त्याचे प्रयोग गाजले. त्यांत त्याची पत्नी मार्गरेट ह्योरुप सोरेन्सन बरोबरीने काम करत होती. १९२४ मध्ये लिंडरस्ट्रॉम-लँग या सहकाऱ्यासोबत त्याने स्वतःच्याच व्याख्येत सुधारणा केली. आयन मोजून भागत नाही, ते प्रत्यक्षात किती सक्रिय आहेत ते धरायला हवे, असे त्याला दिसले होते. पंधरा वर्षांत जगभर रूढ झालेली आपली व्याख्या स्वतःच दुरुस्त करणे सगळ्यांना जमत नाही. नोबेलसाठी त्याचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले कधीच नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत आर्नोल्ड बेकमनने लिंबाचा आंबटपणा मोजू पाहणाऱ्या एका मित्रासाठी विजेवर चालणारा सामूमापक बनवला, आणि प्लॅटिनमच्या पट्टीची कटकट संपली. सोरेन्सन १९३८ मध्ये निवृत्त झाला आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी कोपनहेगनजवळ शार्लोटेनलुंड येथे वारला.

सांडपाण्याचा नमुना घेताना सामू तिथल्या तिथे मोजायचा असतो. बाटली प्रवासात राहिली तर विरघळलेले वायू निघून आकडा बदलतो. दुसऱ्या बाटलीत थोडे सल्फ्युरिक आम्ल टाकून सामू २ च्या खाली आणतात, म्हणजे जिवाणू थांबतात, आणि ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे तिच्यातले नायट्रोजन मोजतात. मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम, आणि अहवालात त्या ओळीवर नाव असते केल्डालचे.