‘भूमिके’मागची हंसा वाडकर

श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा चित्रपट १९७७ साली आला आणि त्यातील उषाच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र जिच्या आयुष्यावर हा चित्रपट बेतला होता, ती अभिनेत्री तो पाहण्यास हयात नव्हती. हंसा वाडकर यांचे १९७१ मध्येच निधन झाले होते. त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा. घरात आजीकडून आलेला गाण्याचा वारसा होता, पण वडिलांच्या व्यसनामुळे घराची घडी विस्कटली होती. ऐन शाळकरी वयात, १९३६ साली, ‘विजयाची लग्ने’द्वारे त्यांनी चित्रपटसृष्टीत पाऊल ठेवले आणि घराचा भार त्यांच्या खांद्यावर आला. पुढे ‘बॉम्बे टॉकीज’चा ‘नवजीवन’ (१९३९) आणि ‘प्रभात’चा ‘संत सखू’ (१९४१) झाला. शाहिराच्या प्रतिभेची आणि प्रेमाची कथा सांगणाऱ्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने (१९४७) त्यांना घराघरांत पोहोचविले. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) तर पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला.

पडद्यावर टाळ्या घेणाऱ्या या अभिनेत्रीच्या घरात मात्र स्वस्थता नव्हती. लहान वयात झालेला विवाह, संशयाने पोखरलेला संसार आणि कमाईवर इतरांचाच हक्क, अशा कोंडीतून त्या वेळोवेळी बाहेर पडल्या. ज्या ज्या पुरुषाकडे आधार शोधला, तेथे नवीच कोंडी वाट्याला आली. मराठवाड्यातील एका वाड्यात त्यांनी जवळपास तीन वर्षे पडद्याआड काढली. अखेर सुटकेसाठी त्यांना ज्या पतीला सोडले त्याचीच मदत घ्यावी लागली. मद्याने पुढे शरीर पोखरले.

हे सारे त्यांनी लपविले नाही. ‘माणूस’ साप्ताहिकातून प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मकथन १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ याच नावाने पुस्तकरूपात आले. त्याचे शब्दांकन केले होते अरुण साधू यांनी. परतवाड्यात जन्मलेले हेच साधू २००७ साली नागपुरातील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा हंसाबाईंना जाऊन साडेतीन दशके लोटली होती.

चित्रपटाने या कहाणीला देखणे रूप दिले. कृष्णधवल आणि रंगीत दृश्यांच्या मांडणीतून जुना स्टुडिओ, जुनी मुंबई जिवंत केली. उषाभोवतीचे पुरुष त्यात ठळकपणे उमटले. पुस्तकात मात्र त्यांच्याहून अधिक ठळक आहे ती कष्ट करणारी बाई. प्रेमप्रकरणांच्या चवीने ते वाचणाऱ्याला तेथे एक सरळ हिशेब सापडतो : कमावती असूनही स्वतःच्या घराची मालकीण होता न आल्याचा. तो मांडताना त्यांनी इतरांना दोष दिला, तसे स्वतःलाही झुकते माप दिले नाही. त्या काळातील मराठी अभिनेत्रीने एवढे उघडपणे बोलणे हेच मोठे धाडस होते.