कर्मवीर भाऊराव : सहकारी घडविणारा संस्थापक

संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती, देणग्या आणि उद्घाटने यांची नोंद सहज होते. ती संस्था ज्यांच्या खांद्यावर उभी राहिली, ती माणसे कोठून आली आणि त्यांना कोणी तयार केले, हे मात्र बहुधा लिहावयाचे राहून जाते. निवासी शाळेच्या या स्मरणिकेत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आम्ही या राहून गेलेल्या बाजूने सांगणार आहोत.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना ते अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. पुढे शाळेत बाहेर बसविलेला ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्याला त्यांनी घरी आणले, आपल्यासोबत जेवू घातले आणि कोल्हापुरास शिकावयास पाठविले. तेच घोलप पुढे बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चे संपादक झाले आणि मुंबई कायदेमंडळातही गेले. माणसाची आजची अवस्था न पाहता त्याच्यातील उद्याचा कर्ता ओळखण्याची भाऊरावांची दृष्टी येथेच प्रथम दिसते.

मॅट्रिकची पायरीही ओलांडता न आलेल्या भाऊरावांनी ओगले यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव पायपीट केली. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याची अडचण ऐकून घेण्याची सवय त्यांना या फिरतीने लावली. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. याच साताऱ्यात 1900 साली शाळेत दाखल झालेल्या लहानग्या भीमरावांना गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते. चोवीस वर्षांनंतर त्याच गावात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन मुले एका पंगतीत जेवू लागली. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या वसतिगृहात नोकरांचा ताफा नव्हता. स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामे मुले आपापसांत वाटून घेत. पैशांची टंचाई हे त्याचे एक कारण होते. परंतु आम्हास त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरे. ज्याच्यावर शंभर जणांच्या भाकरीची जबाबदारी पडते, तो दुसऱ्याची भूक ओळखू लागतो. उपकार घेणारा मुलगा येथे कामाचा भागीदार होत असे, आणि भागीदारालाच पुढे संस्था आपली वाटते.

या कामातील पहिल्या सहकारी लक्ष्मीबाई. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांनी अंगावरील दागिने मोडले, अखेरीस मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्यांचे निधन झाले. वेतनपत्रकावर ज्यांचे नाव कधी चढले नाही, अशा या बाईंच्या श्रमांची नोंद संस्थापकाच्या नावाशेजारीच झाली पाहिजे.

शाळा वाढवावयाच्या तर शिक्षक हवेत, आणि ते बाहेरून आयते मिळणार नाहीत, हे भाऊरावांनी ओळखले. म्हणून 1935 साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. शाळाच नसलेल्या खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळा निघाल्या. गाव जमविणे, जागा मिळविणे, मुलांना बोलावून आणणे ही सारी कामे तेथील तरुण शिक्षकालाच करावी लागत. जबाबदारी अंगावर घेतच तो तयार होई. 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात उभे राहिले. वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, ते वकिलीकडे न वळता संस्थेतच परतले. ते शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. अल्प वेतनावर आयुष्य देणारे आजीव सेवक अशाच मुलांतून पुढे आले.

या घडणीची कसोटीही लागली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. पुढे ते पुन्हा सुरू झाले; पण मधल्या काळात संस्था मोडली नाही. पगाराची शाश्वती नसतानाही वर्ग भरत राहतात, ते हुकुमाच्या धाकाने नव्हे. काम आपले आहे, ही जाणीव माणसांत आधीच रुजलेली असावी लागते.

9 मे 1959 रोजी भाऊराव निवर्तले. तोवर माध्यमिक शाळांची संख्या शंभरावर गेली होती, आणि त्यांच्या पश्चात हा विस्तार वाढतच गेला. संस्थेचे बोधचिन्ह म्हणून त्यांनी वटवृक्ष निवडला होता. वडाची पारंबी भुईला टेकली की तिचे खोड होते आणि मूळ खोडाचा भार ती उचलू लागते. भाऊरावांची माणसे अशीच होती.

आमचे माजी विद्यार्थी आज कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत, कारखान्यांत अधिकारपदांवर आहेत. कोणाच्या हाताखाली दहा माणसे आहेत, कोणाच्या शंभर. त्यांतील एखादा नवखा, बुजलेला, आपल्याच वस्तीतून पहिल्यांदा तेथवर पोहोचलेला असेल. त्याच्याकडून केवळ काम करून घ्यावयाचे की त्याला कामाचा धनी करावयाचे, हा निर्णय रोज आपल्यापुढे असतो. आपल्याला कोणीतरी घडविले, याची कृतज्ञता स्मरणिकेत लेख लिहून पुरी होत नाही. आपल्या हाताखालचा माणूस आपल्या बरोबरीला आला, आणि एके दिवशी आपल्या पुढे गेला, म्हणजे ती पुरी होते.